तळघरातला हात: ‘डॉक्टर हू’ पुन्हा सुरू झाली त्या ४५ मिनिटांचा अभ्यास

शनिवार, २६ मार्च २००५. ब्रिटनमध्ये संध्याकाळचे सात वाजलेत आणि बीबीसी वनवर अंतराळातून पृथ्वी दिसते आहे. कॅमेरा तिच्याकडे झेपावतो आणि पुढच्याच क्षणी आपण एका गजराच्या घड्याळासमोर येतो. साडेसात. एक मुलगी गजर बंद करते, आवरते, आईचा निरोप घेते, बस पकडते. कपड्यांच्या मोठ्या दुकानात दिवसभर काम करते, दुपारच्या सुट्टीत ट्रॅफल्गर चौकात मित्राबरोबर चार घास खाते, पुन्हा कामावर येते. दोन मिनिटांच्या आत तिचा अख्खा दिवस सरतो. संवाद जवळजवळ नाहीतच. दुकान बंद होताना रखवालदार तिच्याकडे लॉटरीच्या पैशांची पिशवी देतो. तळघरात विल्सन नावाचा इलेक्ट्रिशियन असतो, त्याला ती नेऊन द्यायची असते.

तळघरात विल्सन सापडत नाही. तिथे रांगेने दुकानातले पुतळे उभे आहेत. ते हलायला लागतात. मुलगी भिंतीला टेकते, पळायला जागा उरत नाही, आणि शेजारून एक हात येऊन तिचा हात धरतो. कातडी जाकीट घातलेला, बारीक केस कापलेला एक माणूस एकच शब्द बोलतो: ‘पळ!’

‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासी काळप्रवाशाची ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश विज्ञानकथा-मालिका सोळा वर्षं बंद होती; ती अशी पुन्हा सुरू झाली. पटकथा शिकणाऱ्या मुलांबरोबर मी हा भाग कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी तळघरातल्या त्या हातापाशी थांबलो आहे. या प्रसंगात लेखकाने काय दाखवलं यापेक्षा तोपर्यंत काय काय सांगितलं नाही, ते मोजण्यासारखं आहे. तो माणूस कोण, कुठून आला, याआधी त्याचे किती अवतार होऊन गेले, यातलं एक अक्षरही आपल्याला माहीत नसतं. माहीत असते ती फक्त ही मुलगी, आणि हात तिचा धरला गेलेला असतो.

बंद घराची अडचण

अडचण नेमकी काय होती हे कळायला थोडं मागे जावं लागेल. ‘डॉक्टर हू’ पहिल्यांदा दिसली २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. देश बातम्यांत बुडालेला असल्यामुळे बीबीसीने पुढच्या आठवड्यात दुसरा भाग दाखवण्याआधी पहिला पुन्हा दाखवला. निर्मात्या होत्या व्हेरिटी लॅम्बर्ट आणि पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. हुसेन लखनौमध्ये जन्मलेले. त्या वेळी ते २४ वर्षांचे होते आणि लॅम्बर्टही तिशीच्या आतल्याच. ब्रिटिश घराघरांत पोचलेल्या या गोष्टीचं पहिलं पाऊल एका भारतीय मुलुखात जन्मलेल्या तरुणाने टाकलं, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं.

मालिका चालली ६ डिसेंबर १९८९ पर्यंत. सव्वीस हंगाम, सात डॉक्टर, सातशेच्या आसपास भाग. डॉक्टर मरणाच्या दारात आला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट तीच भूमिका पुढे नेतो, या युक्तीवर ती इतकी वर्षं टिकली. शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. १९८५ मध्ये मायकेल ग्रेड बीबीसी वनचे प्रमुख असताना तिला दीड वर्ष विश्रांती देण्यात आली. पुढे तिला ‘कोरोनेशन स्ट्रीट’सारख्या तगड्या कौटुंबिक मालिकेसमोर बसवलं गेलं, आणि १९८९ नंतर नवा हंगाम आलाच नाही.

अशा मालिकेचं ओझं केवढं असतं पाहा. ज्यांनी ती पाहिली त्यांच्याकडे सव्वीस वर्षांचं भांडार होतं: ग्रह, शत्रू, युद्धं, सोबती, नियम. ज्यांनी पाहिली नव्हती, म्हणजे २००५ मध्ये वीस वर्षांच्या आत असलेली सगळी मुलं, त्यांच्यासाठी ते आजोबांच्या काळातलं काहीतरी होतं. मनात आणलं तरी त्यांना पहिल्यापासून पाहता आलं नसतं, कारण साठच्या दशकातले कितीतरी भाग बीबीसीनेच जुन्या टेपा पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले होते. जुन्यांचा मान राखायचा आणि नव्यांना दारातच घाबरवायचं नाही, ही दोन्ही कामं एकाच भागाला करायची होती.

१९९६ ची चूक

एक प्रयत्न आधी झाला होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय २००५ चे निर्णय नीट कळत नाहीत. मे १९९६ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या भागीदारीत एक टीव्ही-चित्रपट आला. चित्रीकरण व्हँकुव्हरमध्ये, कथा सॅन फ्रान्सिस्कोत, आठवा डॉक्टर पॉल मॅक्गॅन. मॅक्गॅन सुरेख होते, दृश्यं देखणी होती. पण सुरुवात आठवा. पडद्यामागून एक आवाज सांगतो: मास्टर नावाच्या शत्रूवर डालेकांच्या ग्रहावर खटला चालला, त्याला मृत्युदंड झाला, आणि आता त्याची रक्षा डॉक्टर आपल्या ग्रहावर परत नेतो आहे. नवा प्रेक्षक खुर्चीत नीट बसलेलाही नसतो आणि त्याच्या पुढ्यात परकी नावं येऊन पडतात. त्यानंतर जुना, सातवा डॉक्टर पडद्यावर येतो, गोळ्या लागतात, इस्पितळात मरतो, आणि शवागारात नवा डॉक्टर जागा होतो. जो माणूस आपल्याला आत्ताच भेटला त्याच्या मरणाचं दुःख आपण कसं करायचं? आणि जो उठला त्याचं कौतुक तरी कशाच्या आधारावर?

ब्रिटनमध्ये तो चित्रपट नव्वद लाखांवर लोकांनी पाहिला. जुने प्रेक्षक आले होतेच. अमेरिकेत मात्र आकडा कमी पडला आणि मालिका काही झाली नाही. दिग्दर्शन आणि नट यांच्यापेक्षा त्या पहिल्या मिनिटाच्या निवेदनाला मी जास्त दोष देतो. ते निवेदन माहीत असलेल्यांशी बोलत होतं.

रोझला दिलेली गोष्ट

२६ सप्टेंबर २००३ रोजी बीबीसीने मालिका परत येणार असं जाहीर केलं. वाहिनीच्या प्रमुख लॉरेन हेगेसी आणि नाट्यविभागाच्या जेन ट्रँटर यांनी पाठबळ दिलं. बीबीसी वेल्सच्या ज्युली गार्डनर यांनी ती कार्डिफमध्ये नेली, आणि लेखनाची सूत्रं आली रसेल टी. डेव्हिस यांच्याकडे. डेव्हिस लहानपणापासूनचे या मालिकेचे वेडे. अशा माणसाच्या हाती मालिका पडली की पहिल्या भागात आपलं सारं प्रेम ओतण्याचा मोह होणं अगदी स्वाभाविक आहे. त्यांनी तो मोह आवरला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

त्यांनी भागाचं नावच ‘रोझ’ ठेवलं. रोझ टायलर, वय १९, दक्षिण लंडनमधल्या सरकारी इमारतीत विधवा आईबरोबर राहणारी, बारावीपर्यंतही न शिकलेली. भूमिकेत बिली पायपर. पंधराव्या वर्षी पॉप गायिका म्हणून पहिल्या क्रमांकावर पोचलेली ही मुलगी अभिनय करू शकेल का, अशी शंका तेव्हा उघडपणे बोलली गेली. क्रिस्टोफर एकलस्टन हे डॉक्टर म्हणून जाहीर झाले तेव्हा मात्र लोक चकित झाले, कारण ते गंभीर नाटकांचे नट म्हणून ओळखले जात. डेव्हिस यांच्याच एका टीव्ही-नाट्यात त्यांनी आधी काम केलं होतं.

४५ मिनिटांच्या भागात जवळजवळ प्रत्येक प्रसंग रोझच्या बाजूने उभा केला आहे. डॉक्टर तिच्या आयुष्यात येतो, जातो, परत येतो. तो नसताना कॅमेरा त्याच्यामागे जात नाही, तिच्याजवळ राहतो. तिला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. जुन्या प्रेक्षकाला तिच्यापेक्षा थोडं जास्त कळतं, आणि तेवढाच त्याचा मान.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण आरशाचं आहे. तळघराच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर रोझच्या घरी येतो. बोलता बोलता आरशात पाहतो आणि स्वतःच्या कानांबद्दल काहीतरी पुटपुटतो, जणू हा चेहरा पहिल्यांदाच पाहतो आहे. नव्या प्रेक्षकाला वाटतं, माणूस जरा विचित्र आहे. जुना प्रेक्षक समजतो: शरीर नुकतंच बदललंय. दोघांसाठी एकच ओळ आणि कोणालाही समजावून सांगितलेलं काही नाही. ‘पुनर्जनन’ हा मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा शब्द या भागात येतच नाही. डॉक्टरच्या ग्रहाचं नाव येत नाही, ते तर २००६ च्या नाताळापर्यंत उच्चारलं गेलं नाही. डालेकही नाहीत. ज्या शत्रूचं चित्र ब्रिटनमध्ये लहान पोरही काढून दाखवेल, तो शत्रू सहाव्या भागापर्यंत बाजूला ठेवला.

प्लास्टिकच का

मग शत्रू कोण? ऑटन. नेस्टीन नावाची एक परग्रहावरची चेतना प्लास्टिकमध्ये प्राण ओतते आणि दुकानातले पुतळे चालायला लागतात. लेखक रॉबर्ट होम्स यांनी हे पुतळे जानेवारी १९७० मध्ये, मालिकेच्या पहिल्या रंगीत कथेत आणले होते. त्यात पुतळे दुकानाच्या काचा फोडून रस्त्यावर येतात हा प्रसंग त्या पिढीच्या मनात पक्का बसला. गंमत अशी की तेव्हा काच फुटताना दाखवायला पैसे नव्हते. फुटण्याचा आवाज ऐकू येतो आणि पुतळे पदपथावर असतात. ३५ वर्षांनी ‘रोझ’मध्ये काचा खरोखर फुटल्या, त्याही कार्डिफच्या बाजारपेठेत लंडन उभं करून. लहानपणी मनात पाहिलेली ती फूट एका लेखकाने मोठेपणी खरी करून घेतली, असं मला ते दृश्य पाहताना वाटतं.

पण निवड केवळ आठवणीपोटी झालेली नाही. पुतळ्यांना ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांचा ग्रह, इतिहास, जुनी भांडणं काही न सांगता ते भीती घालू शकतात, कारण दुकानातला बिनचेहऱ्याचा पुतळा प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. शनिवारी भाग पाहिलेलं मूल रविवारी आईबरोबर कपडे घ्यायला गेलं की गोष्ट तिथे चालूच. शिवाय रोझ याच पुतळ्यांमध्ये नोकरी करते. संकट दूरच्या आकाशातून येत नाही, तिच्या रोजच्या कामाच्या जागेतून येतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे फार बारकाईने पाहावं असं आहे.

आणि मग हात. तळघरात वाचवणारा हात. लिफ्टच्या दारात अडकून तुटलेला पुतळ्याचा हात, जो रोझ नकळत घरी घेऊन येते. दुसऱ्या दिवशी तोच हात डॉक्टरचा गळा धरतो आणि ती मात्र स्वयंपाकघरात कॉफी करत बोलत असते, वळून पाहते तेव्हा तिला वाटतं हा माणूस नाटक करतोय. शेवटी बाजारात पुतळ्यांची मनगटं उघडतात आणि आतून बंदुकीची नळी बाहेर येते. एका बाजूला हे सगळे प्लास्टिकचे हात आणि दुसऱ्या बाजूला धरलेला एक खरा हात. हे कोणी बोलून दाखवत नाही.

पृथ्वीचं फिरणं

रस्त्यावरून चालताना रोझ विचारते, तुम्ही आहात तरी कोण? इथे दुबळ्या लेखकाने दोन पानांचा इतिहास घातला असता. डॉक्टर थांबतो, तिचा हात हातात घेतो आणि म्हणतो: लहानपणी पहिल्यांदा सांगतात की पृथ्वी फिरते, आणि विश्वास बसत नाही, कारण सगळं जागच्या जागी दिसतं. मला ते जाणवतं. पायाखालची जमीन ताशी हजार मैल वेगाने फिरते आहे, ग्रह ताशी सदुसष्ट हजार मैलांनी सूर्याभोवती धावतो आहे, आणि आपण दोघं या इवल्याशा जगाच्या कातडीला धरून आहोत. आणि हात सुटला तर... तो तिचा हात सोडतो. हा मी. आता विसर मला, रोझ टायलर. घरी जा.

पात्राची ओळख करून देणारं इतकं नेमकं लिखाण मी टीव्हीवर क्वचित पाहिलं आहे. माहिती म्हणून पाहिलं तर त्यात शाळेच्या पुस्तकाबाहेरचं काहीच नाही. मात्र ते जाणवणारा माणूस कसा असेल, त्याला झोप कशी लागत असेल, हा विचार ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. आकड्यांबद्दल सांगायचं तर ताशी हजार मैल, नेमकं म्हणजे सुमारे १,६७० किलोमीटर, हा वेग विषुववृत्तावरचा. लंडन बरंच उत्तरेला असल्यामुळे रोझच्या पायाखालची जमीन ताशी १,०४० किलोमीटरच्या आसपास फिरत होती. मुंबईत उभ्या असलेल्या माणसाखाली ती सुमारे १,५८० ने फिरते. सूर्याभोवतीचा वेग मात्र सगळ्यांना सारखाच, ताशी एक लाख सात हजार किलोमीटर. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की मुलं पायांकडे बघतात, आणि तो संवाद लिहिणाऱ्याचं यश तेव्हा कळतं.

क्लाइव्हची खोली

तरीही थोडी माहिती द्यायलाच हवी होती. या माणसाचा भूतकाळ आहे, तो फार जुना आहे आणि त्याच्या मागे मरण चालतं, एवढं तरी. त्यासाठी डेव्हिस यांनी क्लाइव्ह निर्माण केला. रोझ मित्राच्या संगणकावर शोध घेते आणि त्यातून या माणसापर्यंत पोचते. साधा संसारी गृहस्थ, घरामागच्या शेडमध्ये डॉक्टरची चित्रं आणि कात्रणं जमवणारा. केनेडी यांच्या हत्येच्या वेळच्या गर्दीतला फोटो. १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’चा प्रवास ऐनवेळी रद्द करणाऱ्या कुटुंबाबरोबरचा फोटो. १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला तेव्हाचं रेखाटन. सगळ्यांत चेहरा तोच.

क्लाइव्ह सांगतो ते सगळं खरं आहे. पण रोझला तो वेडा वाटतो आणि ती तसं सांगून निघून जाते. इथे लेखकाची हुशारी दिसते. १९९६ मध्ये जी माहिती अधिकृत निवेदन म्हणून अंगावर आली होती, तीच इथे एका शंकास्पद माणसाच्या तोंडून अफवा म्हणून येते, आणि अफवा कान टवकारून ऐकली जाते. १९६३ च्या त्या तारखेकडे जाणारा केनेडींचा फोटो जुन्या प्रेक्षकासाठी ठेवलेली खूण असावी असं मला वाटतं.

क्लाइव्ह म्हणजे जुना चाहताच आहे. वर्षानुवर्षं एका खोलीत बसून त्या माणसाचा माग काढणारा, बायकोमुलाला त्याचं फारसं काही न कळणारा. शेवटी बाजारात पुतळे काचा फोडून बाहेर येतात तेव्हा सगळे किंचाळतात आणि हा एकटा उभा राहून म्हणतो की मी वाचलेलं सगळं खरं होतं. पुढच्या क्षणी त्याच्यावर बंदूक रोखली जाते. बायको आणि मुलगा बाजूलाच. हा प्रसंग मला आजही जड जातो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते सिद्ध झालेलं पाहायला त्याला दोन क्षण मिळाले.

जिथे भाग घसरतो

सगळंच जमलेलं नाही, आणि अभ्यास करायचा तर हेही मांडायला हवं. रोझ क्लाइव्हकडे असताना बाहेर गाडीत बसलेला तिचा मित्र मिकी कचऱ्याच्या प्लास्टिकच्या डब्याला चिकटतो. हात ओढला तर प्लास्टिक च्युइंग गमसारखं ताणलं जातं, शेवटी डबा त्याला गिळतो आणि ढेकर देतो. ती ढेकर कापायला हवी होती. आधी जमवलेली भीती त्या एका आवाजात सांडून जाते. नंतर मिकीच्या जागी आलेला प्लास्टिकचा मिकी चकाकत्या चेहऱ्याने हॉटेलात समोर बसतो, बोलताना अडखळतो, आणि रोझला बराच वेळ काहीच खटकत नाही. ज्या मुलीच्या नजरेवर आपण भिस्त ठेवली आहे ती आपल्या माणसाला ओळखत नाही, हे त्या भागाला परवडणारं नव्हतं.

शत्रूची योजनाही उरकून टाकलेली आहे. नेस्टीनला पृथ्वी का हवी हे डॉक्टर धावता धावता एका दमात सांगतो. मला ही तडजोड मान्य आहे, कारण वाचलेला वेळ रोझकडे वळवला आहे. पण कथेचा हा भाग पातळ आहे हे खरं.

त्याच हॉटेलच्या प्रसंगातून मात्र दोघं पळत निळ्या पोलीस-पेटीत शिरतात, आणि इथे भाग पुन्हा सावरतो. ही पेटी म्हणजेच डॉक्टरचं यान, टार्डिस. अर्धाअधिक वेळ उलटून गेल्यावर पहिल्यांदा तिचं अंतरंग दिसतं. रोझ आत जाते, बाहेर येते, पेटीभोवती फेरी मारते, पुन्हा आत जाते. ‘तुम्ही परग्रहावरचे?’ ‘हो. चालेल ना?’ ‘चालेल.’ आणि मग ती विचारते, त्यांनी मिकीला मारलं का? डॉक्टरच्या हे लक्षातच आलेलं नसतं. ती त्याच्यावर खवळते. पेटी आतून केवढी मोठी आहे याचं आश्चर्य मागे पडतं आणि प्रश्न उरतो एका माणसाचा. शेकडो वर्षांच्या शहाणपणाला दुकानातली पोर माणुसकीची आठवण करून देते, आणि पुढचे दोन हंगाम या नात्यावरच चालले.

नेस्टीनचा प्रक्षेपक शोधताना तेच होतं. काहीतरी प्रचंड, गोल, शहराच्या मधोमध हवं, असं म्हणत डॉक्टर वेस्टमिन्स्टर पुलाजवळ उभा असतो आणि रोझ त्याच्या पाठीमागे बघत राहते. मागे लंडन आय फिरतो आहे. लंडनची मुलगी लंडन ओळखते. मग दोघं हात धरून पुलावरून धावतात.

तळाशी पोचल्यावर डॉक्टर नेस्टीनशी आधी बोलणी करतो. त्यात तो पकडला जातो आणि ओरडतो की मी त्या युद्धात लढलो, तुमचं जग वाचवू शकलो नाही, कोणाचंच वाचवू शकलो नाही. कुठलं युद्ध? जुन्या प्रेक्षकालाही हे ठाऊक नव्हतं. इथे पहिल्यांदाच जुना आणि नवा प्रेक्षक एका पायरीवर येतात. सव्वीस वर्षांचं ज्ञान असलेल्यालाही आता पुढचा भाग पाहावाच लागणार. माझ्या मते संपूर्ण भागातला सर्वांत धूर्त निर्णय हा आहे.

डॉक्टर पुतळ्यांच्या हातात अडकलेला, आणि करायचं ते रोझला. शिक्षण नाही, नोकरी नाही, पुढे काही दिसत नाही, पण शाळेत सात वर्षांखालच्या जिम्नॅस्टिक्स संघात कांस्यपदक मिळवलं होतं, असं म्हणत ती साखळीला लटकून झोका घेते. सोबतिणीने किंचाळायचं आणि डॉक्टरने वाचवायचं ही जुनी रीत त्या झोक्याबरोबर मोडली.

नंतर

प्रसारणाच्या तीनेक आठवडे आधी हा भाग इंटरनेटवर फुटला होता. त्याचा माग कॅनडातल्या एका बाहेरच्या कंपनीपर्यंत लागला आणि तिथल्या एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली. प्रत्यक्ष प्रसारणाच्या वेळी, नेमक्या तळघराच्या शांत प्रसंगात, दुसऱ्या कार्यक्रमातला ग्रॅहम नॉर्टन यांचा आवाज काही सेकंद मिसळला. एवढं होऊनही अंतिम मोजणीत १ कोटी ८ लाख प्रेक्षक आले, समोर अँट आणि डेक यांचा लोकप्रिय कार्यक्रम असताना. दुसऱ्या शनिवारी आकडा ८० लाखांच्या जवळ आला, म्हणजे कुतूहलाने आलेले काही लोक गेले, पण बहुतेक राहिले. तेव्हा बीबीसीचे अध्यक्ष होते मायकेल ग्रेड, वीस वर्षांपूर्वी मालिकेला विश्रांती दिली गेली तेव्हाचेच.

पहिल्या भागानंतर चारच दिवसांनी, ३० मार्चला, दुसरा हंगाम जाहीर झाला, आणि त्याच दिवशी बातमी आली की एकलस्टन सोडून जाणार. त्यांच्या नावाने दिलेलं निवेदन त्यांचं नव्हतं हे बीबीसीला काही दिवसांत मान्य करावं लागलं. नवी मालिका, नवा प्रेक्षक, आणि मुख्य नट एका हंगामात बाहेर. दुसरी कुठलीही मालिका यातून उठली नसती. पण ‘रोझ’मध्ये प्रेक्षकाचा हात डॉक्टरने धरलेलाच नव्हता, तो रोझने धरला होता. १८ जून २००५ च्या शेवटच्या भागात डॉक्टरचं शरीर बदललं आणि डेव्हिड टेनंट उभे राहिले, तेव्हा आरशासमोर न सांगितलेली गोष्ट आता रोझच्या डोळ्यांदेखत घडली. ती घाबरली, तिने संशय घेतला, मग हळूहळू स्वीकारलं, आणि तिच्याबरोबर लाखो नव्या प्रेक्षकांनीही.

शेवटच्या दृश्याबद्दल माझं मन अजून एकमताचं नाही. डॉक्टर रोझला बरोबर यायला बोलावतो, मिकी तिच्या पायाला बिलगून बसलेला असतो, ती नाही म्हणते. पेटी नाहीशी होते, पुन्हा प्रकटते. डॉक्टर दारातून डोकावून सांगतो की ही काळातही प्रवास करते, बरं का. रोझ मिकीच्या गालावर ओठ टेकवते, आभार मानते. कशाबद्दल, असं तो विचारतो. ‘तेच तर,’ ती म्हणते आणि पळत सुटते. तिचं धावणं पाहताना छाती भरून येते. पण तासाभरापूर्वी याच मुलाच्या जिवासाठी ती डॉक्टरवर खवळली होती, आणि आता दोन शब्दांत त्याला रिकामा ठरवून गेली. डेव्हिस यांनाही ते टोचलं असावं, कारण पुढच्या वर्षी मिकी स्वतः टार्डिसमधून प्रवासाला निघाला.

२०१८ मध्ये डेव्हिस यांनी याच भागाची कादंबरी लिहिली. तिथे मिकीला मित्र आहेत, गाण्याचा बँड आहे, स्वतःचं घर आणि स्वतःचं दुःख आहे. आणि कादंबरी गजराच्या घड्याळापासून सुरू होत नाही. पहिली पानं दिली आहेत विल्सनला, लॉटरीची पिशवी ज्याच्यासाठी होती त्या तळघरातल्या इलेक्ट्रिशियनला, ज्याचं नाव टीव्हीवर फक्त हाक मारण्यापुरतं आणि मेला म्हणून सांगण्यापुरतं आलं होतं.